वॉल्ट्झमधला 'एक' नेमका असतो कुठे बे?

झिरो_माईल | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढून राहिलो, सांभाळून घ्या. वय ५२, बँकेत नोकरी, राहणार नागपूर. लग्नाला २५ वर्षं झाली तेव्हा सौ.नं साडी नाही मागितली, दागिना नाही मागितला, म्हणाली आपण दोघं बॉलरूम डान्सचा क्लास लावू. मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे, उन्हाळा लागला की उतरेल. नाही उतरलं. आता चौथा महिना चालू आहे, आठवड्यातून तीन दिवस धरमपेठेत एका हॉलमध्ये जातो, एकूण आठ जोडपी, त्यात आम्हीच सगळ्यात म्हातारे.

अडचण अशी की स्टेप्स मले येतात. खरंच येतात. वॉल्ट्झचा बॉक्स (पावलांचा चौकोन), रुम्बाचं बेसिक, चा-चा-चा, सगळं वहीत चित्र काढून पाठ केलं, घरी डायनिंग टेबल सरकवून टाइल्सवर प्रॅक्टिस केली, एक पाऊल एक टाइल. सर टाळ्या वाजवून वन टू थ्री म्हणून राहिले तोपर्यंत मी एकदम बरोबर, पण त्यांनी गाणं लावलं आणि मोजणं बंद केलं की आपला खेळ खल्लास, वन टू थ्रीमधला 'एक' कुठे आहे, निघायचं कुठून तेच समजत नाही, बाकीची सात जोडपी निघून जातात आणि आम्ही दोघं मधात उभे, जसे काही फोटो काढायला थांबलो आहोत. सर म्हणतात, "गाणं ऐका, गाणंच सांगतं." चार महिने मी ऐकूनच तर राहिलो ना बाप्पा! मला काहीच सांगत नाही ते. शुक्रवारी सौ.च्या पायाच्या अंगठ्यावर पूर्ण ८१ किलो ठेवले, काळानिळा झाला आहे.

तर विचारायचं हे की हा कान शिकता येतो का? की ज्याचा त्याला जन्मतःच मिळतो, आणि मी फुकट फी भरून राहिलो?


तर्री_जास्त | रविवार, रात्री १०:५८

काका, ८१ किलो वाचून वहिनींसाठी दोन मिनिटं शांतता पाळली. मोबाइलवर मेट्रोनोम टाका ना, फुकटात मिळतो, टिक टिक करतो.


झिरो_माईल | रविवार, रात्री ११:०५

टाकला रे. टिक टिकवर बरोबरच येतं. टिक टिक म्हणजे सरांच्या टाळ्याच झाल्या. रिसेप्शनमध्ये कोणी टिक टिक थोडीच लावणार आहे.


शनिपार_कट्टा | सोमवार, सकाळी ७:३०

स्पष्टच लिहितो, ताल अंगात असावा लागतो. नसेल तर शंभर क्लास लावा, उपयोग नाही. आमच्याकडे पुण्यात ढोल पथकात दरवर्षी अशी दोन-चार मुलं येतात, त्यांना शेवटी ध्वज धरायला देतात.


तर्री_जास्त | सोमवार, सकाळी ७:३४

आले बघा. अजून पोहे नाही झाले आमचे.


बंदिस्त_बाल्कनी | सोमवार, सकाळी ११:१५

शनिपारकर, तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. मी नागपूरचीच, सासर मुंबईला होतं, वीस वर्षं तिथे बॉलरूम शिकले आणि पुढे नवशिक्यांना शिकवलंसुद्धा. तालाला अगदीच बहिरा असा माणूस मी तरी पाहिला नाही, पण भलतीकडे कान लावून बसलेली माणसं शेकड्यांनी पाहिली.

झिरो माईल दादा, एक विचारते. गाणं लागल्यावर तुम्ही शब्द ऐकता का? माझी खात्री आहे की ऐकता. आपण सगळेच तसे, रेडिओवर गाणं लागलं की आपल्याला शब्द आणि चाल ऐकू येते, मागे काय वाजतंय तिकडे आपलं लक्षच नसतं. आणि गायक हा नाचणाऱ्याच्या दृष्टीनं फार बेभरवशाचा माणूस. तो ओळीचा पहिला शब्द बऱ्याचदा 'एक'च्या आधीच उचलतो, मग मधला एखादा शब्द लांबवतो, उरलेले घाईत उरकतो, त्यालाच तर आपण छान गातो म्हणतो! पण तुम्ही त्याच्या पहिल्या शब्दावर पाऊल टाकलंत की तिथेच फसलात, तुमचा 'एक' पडला त्याच्या 'तीन'वर.

म्हणून आठ दिवस पाय हलवायचे नाहीत. खुर्चीत बसा, वॉल्ट्झ लावा, शक्यतो बिनशब्दांचा, आणि सगळ्यात जाड, खालचा आवाज शोधा. बास गिटार असेल, पियानोचा डावा हात असेल, मोठा ड्रम असेल. वॉल्ट्झमध्ये तो धम करतो आणि वर दोन हलके आवाज येतात, धम-चिक-चिक, धम-चिक-चिक. मांडीवर फक्त धम वाजवा. चिक-चिकला हात वर. बस. स्लो वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार चालतो (बार म्हणजे एक धम-चिक-चिक, तीन ठोक्यांचा गट), म्हणजे ८४ ते ९० ठोके, भरपूर वेळ असतो. व्हिएनीज वॉल्ट्झ मात्र आत्ता लावू नका, तो मिनिटाला ५८ ते ६० बार, दुप्पट वेग, तुम्ही खुर्चीसकट पडाल.

आणि घरी हवं ते गाणं लावू नका. इंग्लंडमध्ये व्हिक्टर सिल्व्हेस्टर म्हणून नर्तक होता, १९२२ चा जागतिक बॉलरूम विजेता, त्यानं १९३५ मध्ये स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला, का तर बाजारातल्या रेकॉर्डी नाचायला सोयीच्या नव्हत्या, कधी लय भलतीच तर कधी मधेच बदलणारी. एवढ्या मोठ्या माणसाला रेकॉर्डी धड मिळत नव्हत्या, आपण कोण? स्ट्रिक्ट टेम्पो असं शोधा, नाचासाठी मुद्दाम बांधलेलं संगीत मिळेल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लयीत.


सीताबर्डी_एक्स्प्रेस | सोमवार, दुपारी १:०२

ताई, पण आपल्या जुन्या हिंदी गाण्यांवर नाही का करता येत? त्यात तर वॉल्ट्झ भरपूर आहेत. गाण्यांची लिस्ट द्या ना कोणी.


बंदिस्त_बाल्कनी | सोमवार, दुपारी १:४०

करता येतो की. ती गाणी सजवणारे अरेंजर आणि वाजवणारे किती तरी जण गोव्याचे, त्यातले बरेच मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडमध्ये वाजवून आलेले. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा. नाचणाऱ्यांसमोर रोज रात्री वाजवलेलं असलं की हात आपोआप तसाच पडतो. लिस्ट मात्र मी मुद्दाम नाही देत. लिस्ट दिली की लोक गाण्याचं नाव पाठ करतात, 'हे वॉल्ट्झचं, हे फॉक्सट्रॉटचं', आणि नवीन गाणं लागलं की पुन्हा शून्य. स्वतः ऐका आणि इथे येऊन सांगा, तीन ठोक्यांचं की चारचं.


झिरो_माईल | गुरुवार, रात्री ९:५०

रिपोर्ट देऊन राहिलो. तीन रात्री खुर्चीत बसून मांडी बडवली. पोरगा म्हणाला बाबा भजनाला बसले का. वॉल्ट्झमधला धम सापडला!! पहिल्यांदा सापडला तेव्हा इतका सोपा वाटला की चार महिने हा होता कुठे असं झालं.

पण दोन भानगडी आहेत. एक, चारच्या गाण्यात मी नेहमी चुकीच्या जागी टाळी देतो, सौ. सांगते तू दोन आणि चारवर वाजवून राहिला, एक-तीन सोडून. दोन, धम ऐकू येतो, पण ऐकून पाऊल टाकेपर्यंत तो निघून गेलेला असतो. काल क्लासमध्ये सुरुवात बरोबर पकडली आणि तरी पूर्ण गाणंभर अर्धं पाऊल मागे.


खाली_भरी | गुरुवार, रात्री १०:२०

मी तबलजी, नाचातलं शून्य कळतं, पण पहिल्या भानगडीवर बोलू शकतो. चारच्या पाश्चात्त्य गाण्यांत दोन आणि चारवर स्नेअर ड्रम कडक वाजतो, फटाक्यासारखा. एक आणि तीनवर जाड ड्रम असतो, तो मोठा असला तरी बोथट. आपल्याकडचा हिशोब लावायचा तर एक-तीनला ढोल आणि दोन-चारला ताशा. ताशा कानात घुसतो, ढोल पोटात. तुम्ही ताशाच्या मागे गेलात, आणि तुमचंच नाही, लग्नाच्या वरातीत निम्मी पब्लिक ताशाच्याच मागे जाते. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, त्यात जाड आवाज जवळपास येतच नाही, नुसता ताशा उरतो. चांगला हेडफोन घ्या नाही तर मोठा स्पीकर.

दुसरं म्हणजे, तीन म्हणजे दादरा आणि चार म्हणजे केरवा असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं आहे. दादरा सहा मात्रांचा, धा धी ना, धा ती ना. पहिल्या तीन भरी, पुढच्या तीन खाली, म्हणजे डग्गा, तबल्याच्या जोडीतला जाड आवाजाचा, मधे गप्प होतो. वॉल्ट्झला ही खाली-भरी नसते, प्रत्येक तीनच्या डोक्यावर धम येतोच. त्यामुळे दादऱ्याच्या सवयीनं ऐकाल तर दर दुसऱ्या धमला तुम्हाला वाटेल हा कुठून आला. शिवाय आपली सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, ही पोचायची जागा आहे. ख्याल ऐकला असेल तर आठवा, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, आधी निघतो, तीनतालात कित्येकदा नवव्या मात्रेवरून, खालीवरून, आणि समेवर येऊन टेकतो, मग लोक मान हलवतात. तुमचा वॉल्ट्झ माझ्या माहितीप्रमाणे 'एक'वर निघतो. आपण समेवर पोचतो, ते समेवरून निघतात. हा फरक लक्षात ठेवा.


नॅरोगेज_प्रेमी | शुक्रवार, सकाळी ८:१०

दुसऱ्या भानगडीवर माझे दोन पैसे, पेशानं इंजिनिअर. आवाज कानात पडल्यावर साधं बटण दाबायलाही माणसाला साधारण ०.१५ सेकंद लागतात. त्यापुढे ८१ किलो एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचे. स्लो वॉल्ट्झमध्ये दोन ठोक्यांत साधारण ०.६७ सेकंद असतात. धम ऐकून मग निघालात तर पोचेपर्यंत पुढचा चिक दारात उभा असणारच, यात तुमच्या कानाचा काही दोष नाही.

(आधीच सांगतो, हॉलचाही दोष नाही. स्पीकर १५ मीटर लांब असला तरी आवाज ०.०४ सेकंदात पोचतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर अजून जरा लवकर, गरम हवेत आवाज जोरात पळतो.)

झिरो माईल साहेब, व्हरायटी चौकात तुम्ही सिग्नलला कसे उभे राहता? उलटे आकडे चालू असतात, पाच, चार, तीन. हिरवा दिसल्यावर गाडी गिअरमध्ये टाकणारा नागपुरात कोणी आहे का? तीनवर क्लच, दोनवर गाडी थोडी पुढे, हिरवा होतो तेव्हा आपण अर्ध्या चौकात. तसं करा. धम हा हिरवा दिवा नाही. धम झाला तेव्हा पाय जमिनीवर, वजनासकट, पोचलेला पाहिजे. ट्रॅफिक पोलिसांनी हे वाचू नये.


बंदिस्त_बाल्कनी | शुक्रवार, दुपारी १२:२५

नॅरोगेज, सिग्नलचं उदाहरण मी चोरणार आहे, इतकं बरोबर आहे ते. आणि खाली_भरी, तुमच्या ढोल-ताशाला शंभर मार्क, पण शेवटचं वाक्य मी खोडते. वॉल्ट्झसुद्धा 'एक'वर निघत नाही. वहीत तसं दिसतं, कारण वहीत पहिलं पाऊल 'एक' खाली लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तीनच्या शेवटी टाच खाली येते, गुडघा वाकतो, उभ्या पायानं जमीन ढकलली जाते, आणि 'एक'वर पुढचं पाऊल येऊन पडतं. मग दोन-तीनला अंग वर चढतं. म्हणजे निघणं तीनमध्येच झालेलं असतं, एक ही पोचायचीच जागा. तुमचीच सम.


खाली_भरी | शुक्रवार, दुपारी १२:५१

अस्सं. मग माझं वाक्य मागे घेतो. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी इतकी वर्षं डान्सवाल्यांना मनात हसत होतो.


झिरो_माईल | शनिवार, रात्री ११:३०

हे तुम्हा लोकांचं वाचून एक जुनी गोष्ट वर आली, लिहून टाकतो, लांबेल.

आमचं मूळ गाव तिवसा तालुक्यात, मोझरीहून लांब नाही. आजोबा गुरुदेव सेवा मंडळाचे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ ला गेले त्यानंतर काही वर्षांनी माझा जन्म, पण घरात खंजिरी होती, रोज संध्याकाळी प्रार्थना आणि मग भजन. मी पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हापासून बसायचो, आधी टाळ्या, मग झांज, आठवी-नववीत खंजिरी हातात आली. रात्रीच्या भजनात निम्मा झोपलेला असायचो मी, डोळे मिटलेले, आणि हात बरोबर पडून राहायचा. कोणी मोजलं नाही कधी. एक-दोन-तीन-चार हा शब्दच नव्हता तिथे. ध्रुपद फिरून आलं की समजायचं आता इथे थाप. आजोबा म्हणायचे तोंड बंद ठेव, मोजतो कायले बे, पैसे आहेत का.

मग शाळा सुटली, नागपूर, नोकरी, खंजिरी कुठे गेली माहीत नाही. आणि बँकेत तीस वर्षं मोजणंच चालू आहे.

आज दुपारी वॉल्ट्झ लावला आणि मोजलं नाही. वन टू थ्री पूर्ण बंद. स्टीलच्या ताटलीवर बोटं टेकवली, आणि भजनात धरायचो तसा हात सुटू दिला. दोन मिनिटं काहीच नाही, मग हात धमवर पडायला लागला, आणि मजा म्हणजे धम वाजायच्या आधीच उचलला जायचा. सरांची टाळी मी ऐकून मोजत होतो, त्यात उचलणं नव्हतंच, नुसतं पडणं होतं. हे बरोबर आहे का ते सांगा, की मी भावनेच्या भरात लिहून राहिलो?


बंदिस्त_बाल्कनी | रविवार, सकाळी ९:०५

दादा, बरोबर आहे. फक्त मोजणं वाईट असं कोणी इथून घेऊ नका. नवीन स्टेप शिकताना मोजावंच लागतं. पण तोंडानं मोजत राहिलात की तुम्ही स्वतःचा आवाज ऐकता, बँडचा नाही, आणि तुमचं मोजणं बँडपेक्षा पुढे पळालं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही.

आता चालायला लागा. खरंच, नुसतं चाला, कानात हेडफोन. माणसाची नेहमीची चाल मिनिटाला शंभराच्या थोडी वर, ११०-१२० पावलं, आणि फॉक्सट्रॉट चालतो ११२ ते १२० ठोक्यांवर, म्हणून तो चालण्यासारखाच वाटतो. चारच्या गाण्यावर चाललात तर 'एक' दर वेळी त्याच पायावर येईल. तीनच्या गाण्यावर चाललात तर एकदा डाव्यावर, एकदा उजव्यावर. डोक्यानं ओळखू नका तीन की चार, पायाला विचारा. बॉक्स स्टेपमध्येसुद्धा बघा, पहिला 'एक' डावा पुढे, दुसरा 'एक' उजवा मागे, ते याचमुळे.


फुटाळ्याची_हवा | रविवार, सकाळी ९:४०

पहाटे साडेपाचला फुटाळ्यावर या, नंतर ऊन चावतं. आणि झिरो माईल काका, हसू नका, पण आमच्या कूलरमध्ये वॉल्ट्झ आहे. पंख्याचं एक पातं कशाला तरी घासतं, खर्र-टक-टक, खर्र-टक-टक, रात्रभर. नवऱ्याला सांगितलं दुरुस्त करू नको, मी ऐकून राहिली.


झिरो_माईल | पुढचा बुधवार, रात्री १०:१५

सकाळी अंबाझरीला चाललो चार दिवस. पायाला विचारायची आयडिया जबरदस्त आहे, एकवर जरा जोर देऊन पाय आपटत चाललो, एक आजोबा म्हणाले गुडघे दुखतात का. काल क्लासमध्ये वॉल्ट्झ जमला, पूर्ण गाणं. रुम्बा पण बराचसा.

पण चा-चा-चा मध्ये पुन्हा तेच. सर म्हणतात दोनवर निघा. का बे दोनवर? आता इतक्या मुश्किलीनं 'एक' सापडला, आणि हे म्हणतात तो सोडा. आणि यूट्यूबवर एक बाई रुम्बा एकवर सुरू करते, दुसरा माणूस दोनवर, खरं कोणाचं?


बंदिस्त_बाल्कनी | बुधवार, रात्री १०:४४

दोघांचं खरं. अमेरिकन पद्धतीचा रुम्बा बॉक्समध्ये असतो आणि 'एक'पासून चालतो. तुमचे सर शिकवतात तो इंटरनॅशनल, त्यात पावलं दोन, तीन, चारवर, आणि 'एक'वर पाऊलच नाही, चारला टाकलेल्या पायावर कंबर येऊन बसते. एका चॅनलवर टिका, दोन्ही पाहू नका.

चा-चा-चा क्युबातला, एनरिके होरीन नावाच्या व्हायोलिन वाजवणाऱ्यानं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ही चाल आणली, आणि नाचणाऱ्यांच्या पायांचा जमिनीवर घासण्याचा आवाज आला तेच नाव पडलं असं सांगतात. दोन, तीन, चार-अँड-एक. चार आणि अँडला अर्धा-अर्धा ठोका, एकला पूर्ण. पहिल्यांदा निघताना 'एक'वर नुसतं बाजूला एक पाऊल घ्यायचं, म्हणजे दोनसाठी पाय मोकळा होतो. यापेक्षा जास्त मला समजावता येत नाही, मी स्वतः हे रडत शिकले.


खाली_भरी | गुरुवार, सकाळी ७:०५

रात्री हे वाचून झोप नाही आली. अहो ताई, हा तर मुखडा आहे!

झिरो माईल, ऐका. तुम्हाला वाटतंय चा-चा-चा दोनवर सुरू होतो, म्हणून तो अधांतरी वाटतो. उलट करून बघा, तो 'एक'वर संपतो. चार-अँड-एक, यातला शेवटचा चा म्हणजे सम. आधीचे दोन चा म्हणजे समेआधीचे घाईचे बोल, तिरकिट धा म्हणताना तिरकिट जसं धावत येतं आणि धा वर थांबतं तसं. तिर-किट-धा, चा-चा-चा. दोन आणि तीन ही मधली चाल, मोकळी. आणि रुम्बात 'एक'वर पाऊल न टाकता कंबर बसते म्हणता, ती समेवरची मान आहे हो, तिकडे मान कमरेत असते एवढंच.

दोनवर निघायचं असा विचारच करू नका. समेवर या, दोन आपोआप येतो, जाणार कुठे.


तर्री_जास्त | गुरुवार, सकाळी ७:२२

'तिकडे मान कमरेत असते' हे मी पोह्यांच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. टपरीवाल्यानं तर्री फुकट दिली.


शनिपार_कट्टा | गुरुवार, सकाळी ८:५०

उपमा रंजक आहे, पण तांत्रिकदृष्ट्या आवर्तन, म्हणजे तालाची पूर्ण फेरी, आणि बार ही एक गोष्ट नव्हे.


खाली_भरी | गुरुवार, सकाळी ९:१०

मान्य. चार ठोक्यांच्या बारला आवर्तन कोण म्हणेल, आवर्तनाला घेर पाहिजे. पण तिथेही बार सुटे नसतात ना, आठ-आठ बारांचं एक वाक्य होतं, चारच्या गाण्यात ३२ ठोके, वॉल्ट्झमध्ये २४. वाक्य संपताना ड्रमवाला काही तरी भरून वाजवतो, तेच ऐकून मला तरी मोठी सम कळते. निघायचं तर तिथून निघा, बारा-बारात उडी मारायची घाई कशाला.


डावा_अंगठा | शुक्रवार, रात्री ११:००

मी सौ. हा धागा वाचायला हाच आयडी घेतला, अंगठा माझाच आहे.

तुम्ही सगळे ह्यांच्या कानाबद्दल बोलून राहिले, माझ्याकडून पण ऐका. मला एक आधीपासून ऐकू येतो. पहिल्या दिवसापासून. पण मी फॉलो करणारी, मला निघता येत नाही ना, हे निघतील तेव्हा मी. चार महिने मी प्रत्येक धमवर तयार उभी आणि हे ओठ हलवून मोजून राहिले, आणि मग उशिरा लक्षात आलं की माझा हात ओढायचा, जशी काही बस सुटून राहिली. हातानं ओढलं की मला उशिराच कळतं. अंग हललं की लगेच कळतं. परवापासून हे तीनच्या शेवटी थोडे खाली येतात, गुडघ्यात, आणि मला आपोआप समजतं की आता निघतो आहोत. ओठ पण बंद आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे काही न बोलता काही तरी बोलले.

तो उशीर कानाचा नव्हता असं मला वाटतं. चुकू नये म्हणून खात्री करून मग पाऊल टाकायचं, ही ह्यांची बँकेची सवय आहे, दोनदा मोजल्याशिवाय देत नाहीत.


बंदिस्त_बाल्कनी | शुक्रवार, रात्री ११:२०

अंगठाताई, तुम्ही पहिल्या दिवशीच का नाही लिहिलंत हो! अर्धा धागा वाचला असता.


डावा_अंगठा | शुक्रवार, रात्री ११:२६

मला विचारलं कोणी?


झिरो_माईल | शनिवार, रात्री १०:०५

मान्य आहे. सगळं मान्य आहे.

कालचं सांगतो. सरांनी परीक्षा घेतल्यासारखं गाणं मधातूनच लावलं, सुरुवात नाही, काही नाही. बाकीचे लगेच निघाले. मी थांबलो. आधी गाणाऱ्या बाईला सोडलं, ढोल शोधला, मग ड्रमवाल्यानं ते भरायचं काहीतरी वाजवलं, आणि बाजूला एक पाऊल, आणि दोन, तीन, तिर-किट-धा. सर माझ्याकडे पाहून राहिले कारण मी मोठ्यानं म्हटलं ते. पोट्टे हसले. पण बसलं बरोबर, साधारण अर्धं गाणं, नंतर मी खूश झालो आणि खुशीत पुन्हा ताशावर गेलो.

खंजिरी शोधायला गावी फोन केला होता. चुलतभाऊ म्हणाला आहे माळ्यावर, एक बाजूच्या चकत्या गेल्या आहेत. दिवाळीत आणतो.


डावा_अंगठा | शनिवार, रात्री १०:११

अर्धं नाही, पाव गाणं. मी मोजलं.


सीताबर्डी_एक्स्प्रेस | शनिवार, रात्री १०:३०

अभिनंदन दोघांचं! आता टँगोचा धागा कधी? त्यात म्हणे धमच नसतो नीट.


झिरो_माईल | शनिवार, रात्री १०:३४

नाही बा. आधी अंगठा बरा होऊ द्या.